लातूरचा शेक आणि चाड्यावरची मूठ

भाद्रपद सरत आला तरी आभाळ हात आखडायचं नाव घेईना. रात्रभर झिमझिम, पहाटे घटकाभर उघडीप, आणि तांबडं फुटलं की परत भुरभुर. भोकरच्या त्या काळ्या रानात पाय टाकावा तर पाय वर यायचा, चप्पल खालीच राहायची. गावात जो भेटेल तो पावसाला शिव्या घालत होता. एकटा दगडोबा तेवढा गप्प होता. यंदा पाऊस लांबून पेरणी मागं गेली तर त्याला ते हवंच होतं.

ओसरीत बसून तो बियाण्याची कणसं निवडत होता. आढ्याला टांगून ठेवलेली ज्वारीची कणसं चुलीच्या धुरानं काळवंडली होती. एकेक कणीस हातात घ्यायचं, दाणा नखानं दाबून बघायचा, भरीव लागला तर सुपात, नाही तर कोंबड्यांपुढं. मधेच सूप खाली ठेवून तो उठला, गोठ्यामागं जाऊन आला, बसला. दोन कणसं झाली न झाली तोच परत उठला.

"अवं, त्या गोठ्यामागं काय हंडा पुरून ठिवलाय का?" चुलीपुढून नागाबाई म्हणाली. "सकाळधरनं जाऊन राहिलात."

"हंडा असता तर खणून तुला पाटल्या केल्या असत्या," दगडोबा म्हणाला आणि निमूट कणीस उचललं.

हसण्यावारी नेलं तरी दोघांनाही ठाऊक होतं. उन्हाळ्यात लघवी तुंबायला लागली म्हणून नांदेडला दाखवलं, तुकडा काढून तपासला, आणि प्रोस्टेटच्या गाठीत कॅन्सर निघाला. लेक अंबिका लातूरला दिलेली, तिच्या घरी राहून इलाज होईल म्हणून मुलगा सुदाम त्याला तिकडं घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरीणबाई समजूतदार निघाल्या. म्हणाल्या, "आबा, गाठ अजून घराबाहेर पडलेली नाही. बाहेरून रेडिएशन देता येईल, नाही तर भूल देऊन आत सुया घालून देता येईल. बरं व्हायची उमेद दोन्हींत जवळपास सारखीच. फरक आहे तो त्रासाचा. कुठला त्रास तुम्हाला झेपेल, ते तुम्ही ठरवून सांगा."

दगडोबाला आयुष्यात असं कुणी विचारलं नव्हतं. बैल चार जणांना विचारून घेतला होता, बायकोसुद्धा बापानं दाखवली ती केली होती. आता त्रास तेवढा पसंत करायचा होता.

"बाई अजून एक बोलल्या," कणसावरची नजर न काढता तो पुटपुटला. "कुठला बी इलाज घ्या म्हणं, पुढं हळूहळू... ते आपलं... माणूसपण कमी व्हतं."

नागाबाईला कळायला जरा वेळ लागला. कळलं तशी तिनं पदर तोंडाला लावला. "आन् आता काय पाळणा हालवायचाय का? नातीच्या बारशाला जेवून आलाव आपुन!"

"तसं न्हाई, सांगून ठिवलेलं बरं."

ती चुलीत लाकूड सारत राहिली. मग हळूच म्हणाली, "मळणीच्या दिसांत खळ्यावर निजायचो, ध्यानात हाय का? मामंजी खोकलत यायचे आन् तुमी कडब्याच्या गंजीत घुसायचे. अंगाला कुसं टोचायची. ते समदं हायच की आपल्याजवळ. ते कोन कमी करनार हाय?"

दगडोबानं मान खाली घातली, पण मिशीत हसू आलंच. त्या खळ्यावर आता सोयाबीनची मशीन उभी राहत होती. घटकाभर त्याला कडब्याचा तो गोडसर वास आला, आणि तिच्या काकणांचा आवाजही.

त्याची खरी भीती वेगळी होती. ती चाड्याची होती.

तिफणीवर जे लाकडी वाटीसारखं चाडं असतं, त्यात मुठीनं दाणे सोडत चालायचं. मूठ सैल पडली की दाट, आवळली की पातळ. दगडोबाची आई साखराबाई ही मुठीची बाई होती. कासोटा घालून, ओटीत बी घेऊन ती तिफणीमागं चालायला लागली की शेजारच्या रानातली औतं थांबायची. तिच्या गाण्यात बैलांची नावं यायची, मेलेल्या बैलांचीसुद्धा. भाऊबंदांची तिफण अडली तर लोक साखराबाईला गाडी पाठवून न्यायचे. पेरत्या माणसानं अंघोळ करून, अनवाणी रानात उतरायचं, हा तिचा शिरस्ता. पेरत्या रानात लघवी करायची नाही, आणि धरलेला तास, म्हणजे पेरणीची ओळ, बांधाला लागल्याशिवाय मूठ थांबवायची नाही. तास मधेच मोडला तर घरातलं माणूस मोडतं, असं ती म्हणायची. ती गेल्यावर मूठ दगडोबाकडं आली. गाव ट्रॅक्टरवर गेलं, तरी घरची ज्वारी तो चाड्यानंच पेरायचा. सुदाम कुरकुरत का होईना औत हाकायचा.

ज्याला दोन कणसं निवडेपर्यंत दम निघत नाही, तो ह्या बांधापासून त्या बांधापर्यंत तास कसा नेणार? दगडोबाला फक्त एवढंच हवं होतं, की इलाजानंतर एक तास धरून नेता यावा.

उत्तर द्यायला लातूरला निघाला तेव्हा सोबत लिंबाजी आला. लिंबाजी त्याचा लहानपणापासूनचा सोबती. त्यानं दोन वर्षांमागं ह्याच दुखण्यापायी नांदेडला बाहेरून रेडिएशन घेतलं होतं. त्या रेडिएशनला गावात शेक म्हणतात. इकडं अंबिकाचे घरमालक गुरुबसप्पा, उदगीरच्या अडतीत जन्मभर धान्य मोजणारे मापाडी असलेले, हैदराबादेत सुयांचा इलाज करून आलेले. संध्याकाळी ओट्यावर दोघं समोरासमोर बसले, आणि बैलबाजारात आपापल्या बैलाची बाजू घ्यावी तसे जुंपले.

"सुया बेस," गुरुबसप्पा म्हणाले. "भूल दिली, टोचल्या, किरणं सोडली, काढल्या. दोन खेपांत खेळ खल्लास. तुमच्यासारखं म्हैनाभर रोज लाइनीत कोन हुभारतंय?"

"हाव, अन् ती नळी?" लिंबाजीनं तोंड वाकडं केलं. "तुमची लघवी तुंबली हुती न्हवं? नळी लावून फिरत हुता, अंबिकानंच सांगितलं."

"तुंबली हुती, झूट कशाला बोलू? लई परेशान झालो. लघवी म्हंजे मिरच्या. पन पोटाला काही झालं न्हाई. भाकरी पचत हुती. तुजं सांग की."

लिंबाजीनं इकडं तिकडं बघितलं. अंबिका आत होती. "माजं मागच्या अंगाचं झालं," तो आवाज उतरवून म्हणाला. "तिसऱ्या हप्त्यापासून परसाकडंची घाई. जाऊन यावं अन् परत वाटावं, आजून हाय. चिकट पडायचं. लघवीलाबी घाई, पन जळजळ थोडी. अन् अंग असं गळायचं, की दुपारी बाजंवरनं उठू वाटंना."

"म्हंजे माजं पुढलं पेटलं, तुजं मागलं," गुरुबसप्पांनी निवाडा दिला. "दगडोबा, आता तू बोल. पुढं पायजे का मागं?"

तिघंही खदखदून हसले. आतून अंबिकानं "आबा, काय झालं?" म्हणून विचारलं, तशी तीन म्हातारी एकदम गंभीर झाली.

दगडोबानं हसू आवरून विचारलं, "मला येवढंच सांगा. ताळ्यावर कवा येतं?"

"माजं शेक थांबल्यावर दोन-तीन हप्त्यांत बरंच आलं," लिंबाजी म्हणाला. "आता कवामवा रगत दिसतं थोडं. डॉक्टर म्हनले, तसं व्हतं कुनाकुनाला, पन दाखवत राहा."

"माजी जळजळ मात्तर म्हैने खाऊन गेली," गुरुबसप्पा कबूल झाले. "अजून बी सिनेमा काय पुरा बघवत न्हाई. पन बाबा, मानूस परतेक निराळा. आमच्यावरनं माप घेऊ नको."

डॉक्टरीणबाईंनीही दुसऱ्या दिवशी तेच सांगितलं. दोघांचं झालं तसंच तुमचं होईल असं नाही, तुंबायचा त्रास आधीच असल्यानं सुयांत तुम्हाला तो जास्त होऊ शकतो, एवढं मात्र ध्यानात घ्या. दगडोबानं बाहेरचा शेक घेतला. चार आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज. मशीनवर निजवून शेकाआधीचा, आखणीचा फोटो काढला, त्या दिवशी बाई बजावून म्हणाल्या, "रोज लघवी करून यायचं, मग पाणी प्यायचं आणि थांबायचं. लघवीची पिशवी भरलेली पाहिजे." त्यानं मान डोलावली, पाणी प्याला, फोटो झाला. लिंबाजी गावाकडं परतला.

शेक सुरू व्हायचा दिवस नेमका घट बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी आला.

दगडोबाचे नवरात्रातले उपास आईच्या नवसाचे. लहानपणी तो तापातून उठला तेव्हा साखराबाईनं माहूरच्या देवीला शब्द दिला होता, की पोरगं जगलं तर जन्मभर नऊ दिवस निरंकार धरील. दिवेलागणीपर्यंत अन्न नाही, पाणी नाही. तापात, लग्नसराईत, एकदा तर पाय मोडून पडला होता तेव्हाही त्यानं तो मोडला नव्हता. आणि शिवाय, मोठ्या दवाखान्यात जायचं म्हणजे उपाशीपोटीच जायचं, हे तर अख्ख्या गावाला माहीत. पाणी प्यायचं ते फोटोपुरतं असेल, अशी त्यानं मनाची समजूत काढली. अंबिकानं हातात दिलेली बाटली त्यानं दवाखान्यातल्या कुंडीत ओतली आणि रिकामी करून पिशवीत ठेवली.

मशीन चालवणारी ऋतुजा नावाची पोरगी होती. तिनं निजवलं, सरळ केलं, आत जाऊन फोटो बघितला आणि परत आली. "आजोबा, उतरा. असं नाही देता येणार आज. बाहेर बसा, मी मॅडमशी बोलून येते."

दगडोबा उतरला. धोतर सावरलं. बाहेरच्या बाकावर सोबत आलेले गुरुबसप्पा छातीवर हनुवटी टेकून झोपले होते. त्यांना न उठवता तो तसाच चालू लागला. फाटक ओलांडलं, रस्ता विचारत स्टँड गाठला आणि नांदेडच्या गाड्या लागतात तिथं जाऊन बसला.

त्यानं हे आधी बघितलं होतं. साखराबाईला शेवटी नांदेडच्या दवाखान्यात नेलं होतं. तिथंही टेबलावर निजवलं, बघितलं, आणि उतरवलं. "घरी न्या," एवढंच म्हणाले. एसटीत ती खिडकीशी बसली होती. डोळे खोल गेलेले, पण बाहेरच्या रानावर. बारडच्या पुढं आल्यावर म्हणाली, "दगडू, वापसा आलाय रं. पेरायचं सोडून लोक कामून बसून राहिलेत?" घरी आल्यावर चौथ्या दिवशी गेली. त्या साली दगडोबानं पहिल्यांदा एकट्यानं पेरलं होतं, आणि ज्वारी अशी आली होती, की लोक बांधावर थांबून बघायचे. तिला दाखवायची राहून गेली.

आता आपली पाळी, असं त्याला वाटलं. निदान मरायला आपलं रान तरी असावं.

"यप्पा! यप्पा दगडोबा!" रिक्षातून उतरून गुरुबसप्पा धोतराचा सोगा धरून पळत येत होते. "तिकडं त्या पोरीनं हाका मारून मारून घसा बसिवला, आन् तू हितं गाडीची वाट बघून राहिलास?"

"अप्पा, उतरवलं मला मशीनीवरनं."

"मग?"

"मग काय? माज्या मायला बी असंच उतरवलं हुतं. राहू द्या. रानातच जातो."

गुरुबसप्पा मटकन बाजूला बसले. आधी त्यांना दम लागला, मग हसू फुटलं, मग खोकला. "आरं माणसा, फोटोत पिशवी रिकामी दिसली तुजी! म्हनून उतरवलं. त्या पोरीनं मला समजावून सांगितलं. पिशवी भरली म्हंजे वर सरकते, आतड्याला बी वर ढकलते. शेक गाठीवर पडतो. रिकामी आसली की दोन्ही शेकात सापडतात. मग जळजळ, रगत, जे काय लिंबाजीचं आन् माजं ऐकलंस त्याच्या दुप्पट. पानी पिलास का?"

दगडोबानं मान वळवून गाडी लागली का ते बघितलं.

"पिलास का न्हाई?"

"निरंकार हाय, अप्पा. मायचा नवस हाय."

गुरुबसप्पांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावला. स्वतः लिंगपूजा केल्याशिवाय तोंडात पाणी न घेणारा माणूस तो. नवस मोड, असं त्यांच्या तोंडून निघेना. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, घातली आणि खिशातून फोन काढून, अंबिकाकडनं नंबर घेऊन नागाबाईला लावला. सगळं सांगितलं आणि फोन दगडोबाच्या कानाला लावला.

पलीकडून आधी कोंबड्या हाकलल्याचा आवाज आला. मग नागाबाई म्हणाली, "पानी प्या."

"आगं, मायनं सबूद दिलाय."

"सबूद घरानं दिला. घरातल्या कुनीतरी पाळला म्हंजे झालं. तुमचा निरंकार मी धरते."

"तुजा हायच की."

"मंग दोघांचा धरते. देवी काय तराजू घेऊन बसली हाय का? तुमच्या वाटंचा म्हनून मी रातीचं बी खाणार न्हाई, दूध घेईन फकस्त. घट बसलेत, त्यांच्यापुढं बोलून राहिले मी. प्या पानी, आन् गप जाऊन निजा त्या मशीनीवर." फोन ठेवता ठेवता म्हणाली, "सासूबाई असत्या तर त्यांनी बी हेच केलं असतं. नवस तुमी जगावं म्हनून हुता, मरावं म्हनून न्हवं."

स्टँडावरच्या हॉटेलातून गुरुबसप्पांनी तांब्या भरून आणला. दगडोबानं पूर्वेकडं तोंड केलं, डोळे मिटले, आणि घटाघटा प्याला. नवरात्रात दिवसाउजेडी पाणी प्यायची जन्मात ही पहिलीच वेळ. गळ्यातून उतरताना ते त्याला फार थंड लागलं.

दोघं परत दवाखान्यात गेले, आणि त्या दिवसापासून शेक सुरळीत लागला. रोज अप्पा आणि तो जोडीनं जायचे, ऋतुजा फोटो बघून काचेआडून हात हलवायची. संध्याकाळी ओट्यावर बसून दोघं जुन्या गोष्टी काढायचे. उदगीरच्या अडतीतल्या पिवळ्याधमक राशी, आणि माप टाकताना पहिल्या मापाला एक न म्हणता 'लाभ' म्हणायची रीत. "आता काटा इलेक्ट्रिक झाला," अप्पा म्हणायचे. "आकडा लाल दिसतो. लाभ कोन म्हनतच न्हाई." दगडोबा आईची गाणी आठवून बघायचा. बैलांची नावं आठवायची, चाल निसटायची.

तिसऱ्या आठवड्यात त्याचंही सुरू झालं. परसाकडंची घाई, चिकट पडणं, लघवीला थांबवत नाही असं. दुपारी अंग गळून जायचं. पण लिंबाजीइतकं झालं नाही आणि अप्पांसारख्या मिरच्याही लागल्या नाहीत. बाई म्हणाल्या, अजून थोडं वाढेल, मग उतरेल. पुढचं पुढं बघत राहू, तपासायला यायचं टाळू नका.

दिवाळी करून तो गावी आला, तेव्हा ऊन पडलं होतं. रान वरून सुकलेलं, आत ओल. ढेकूळ हातात घेतलं की फुटून भुगा व्हायचा. वापसा आला होता, आणि शेक संपून पुरते दोन आठवडेसुद्धा झाले नव्हते.

"आबा, ट्रॅक्टर सांगतो," सुदाम म्हणाला. "तुमच्यानं व्हायचं न्हाई यंदा."

"तिफण काढ," दगडोबा म्हणाला.

पहाटे अंघोळ करून तो अनवाणी रानात उतरला. निघताना दोनदा जाऊन आला, पाणी घोटभरच घेतलं. लिंबाजी बांधावर येऊन बसला. तिफणीची पूजा झाली, सुदामनं बैलांना हाक दिली, आणि दगडोबाच्या मुठीतून दाणे चाड्यात उतरायला लागले. पहिला तास गेला. दुसरा गेला. नळ्यांतून जाणाऱ्या दाण्यांचा तो सळसळता आवाज कानात भरला आणि आठवत नव्हती ती चाल अचानक ओठांवर आली.

तिसरा तास निम्म्यावर आला असेल, आणि ती घाई आली. आधी ओटीपोटात कळ, मग थांबवता न येणारं. त्यानं दात आवळले. बांध अजून लांब होता. पेरतं रान पायाखाली. मूठ सैल झाली, दोन दाणे जास्तीचे पडले.

नागाबाई बियाण्याची पाटी कमरेवर घेऊन मागं चालत होती. तिनं पाटी खाली ठेवली, मूठभर दाणे घेतले, आणि काही न बोलता त्याच्या बरोबरीनं चालायला लागली. तिची मूठ त्याच्या मुठीजवळ आली. "सोडा," ती म्हणाली. "औत थांबवू नको रं सुदाम. हाक तसाच."

दगडोबानं एक पाऊल तसंच टाकलं. मग तिचे दाणे पडायला लागलेले बघून आपली मूठ काढून घेतली. तास मोडला नाही. तो आडवा पळत सुटला आणि बांधापलीकडं गेला. धोतर थोडं भिजलंच.

"पुढलं का मागलं रं?" लिंबाजीनं बांधावरून विचारलं.

"गप ए!" पळसाआडून आवाज आला.

हात-पाय धुऊन तो वर आला, तेव्हा तिफण पलीकडच्या बांधाला वळत होती. नागाबाईनं पदर खोचला होता. तो तासाच्या कडंनं वाकून बघत गेला. माती सारून दाणे बघितले. ना दाट, ना पातळ. इतकी वर्षं ही बाई आपल्या मागं पाटी घेऊन चालली, आणि मूठ शिकून बसली, हे आपण कधी बघितलं नाही. त्याला बरंही वाटलं आणि जरा कसंतरीही.

तिफण परत आली. नागाबाईनं मूठ पुढं केली. "घ्या."

"राहू दे. दोघांचा निरंकार धरलास तरी तुजी मूठ उपासाची दिसत न्हाई," तो म्हणाला. "आजचा दीस तूच धर. उद्या बघू."

"धरते की. मागं पाटी वाहायला माणूस लागतं मग."

"हाव, हाय की."

सुदामनं बैलांना हाक दिली. दगडोबानं वाटेत राहिलेली पाटी उचलली, त्यात पोत्यातलं बी ओतलं, खडा दिसला तो काढून फेकला, आणि पाटी कमरेवर घेऊन तिच्या मागं चालायला लागला.